फ्लॅटहेड व्ही-८ घातलेली १९३१ ची फोर्ड मॉडेल ए: वर्षभर चालवल्यानंतर

आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तेव्हा तो आधीच निकालात काढतो. ॲव्हरेज लिटरला ६ किलोमीटर, तेही पाय हलका ठेवला तर. एसी नाही, दारांना काचा नाहीत (रोडस्टरला त्या मुळातच नसायच्या), छप्पर कापडी आणि ते बहुतेक काळ गॅरेजच्या भिंतीला टांगलेलं. पाऊस आला तर आपण भिजतो. एवढं वाचून ज्यांची हौस फिटली त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण हॉट रॉडबद्दल (जुनी गाडी हलकी करून, जोरदार इंजिन घालून बांधलेली) जे वाचायला मिळतं ते बहुधा बांधणी संपल्याच्या दिवशी लिहिलेलं असतं. चकचकीत फोटो काढला की विषय संपला. मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये ही गाडी वर्षभर चालवतोय. ऑफिस, भाजी, नाइल्स कॅन्यनचे वळणाचे रस्ते, आणि एकदा थेट एल मिराजचं कोरडं तळं.

गाडी म्हणजे मूळ पत्र्याची मॉडेल ए रोडस्टर. पुढचे-मागचे मडगार्ड काढलेले, पुढचा ॲक्सल ४ इंचांनी खाली वाकवलेला, म्हणून नाक जमिनीकडे. इंजिन १९५१ च्या फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यानं हेड सपाट, म्हणून हे नाव), जाणकार ज्याला ८बीए म्हणतात ते. मूळचं २३९ क्युबिक इंच, म्हणजे ३.९ लिटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून आणि मर्क्युरी गाडीचा ४ इंच स्ट्रोकचा (पिस्टनची धाव) क्रँक टाकून ते २७६, म्हणजे साडेचार लिटर झालं. वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर. गिअरबॉक्स शेव्हरोलेच्या एस-१० पिकअपचा पाच गिअरचा टी-५, मागचा ॲक्सल फोर्ड मॅव्हरिकचा ८ इंची. थोडक्यात, पाच वेगवेगळ्या गाड्यांचे अवयव एका सांगाड्यावर. हॉट रॉड हा प्रकारच तसा आहे.

फ्लॅटहेड का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. १९३१ ला बंद झालेल्या मॉडेल एचं मूळ इंजिन चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं. १९३२ मध्ये हेन्री फोर्डनं व्ही-८ आणलं, अख्खा ब्लॉक एकाच ओतकामात, ६५ हॉर्सपॉवर, आणि साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत. माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात काकांच्या लेथशेजारी गेलं, त्यामुळे आठ सिलिंडर आणि क्रँककेस एका झटक्यात ओतणं हे त्या काळी काय काम असेल याचा अंदाज येतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मग भंगारातून हे व्ही-८ काढायचं आणि हलक्या, स्वस्त, जुन्या मॉडेल एमध्ये घालायचं असा सपाटा लावला. वजन कमी करायला मडगार्ड, बोनेट, जे सुटेल ते काढायचं आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट मातीवर वेग मोजायचा. शर्यतींना शिस्त लावणारी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना १९३७ ची, आणि ती आजही एल मिराजला शर्यती भरवते. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी हे वेड देशभर नेलं. १९५५ मध्ये शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक हे नवं व्ही-८ आलं, हलकं आणि जोरदार, आणि फ्लॅटहेडचा खेळ संपला.

म्हणजे आज जो फ्लॅटहेड बसवतो तो हिशेब करून बसवत नाही. माझ्या इंजिनावर जेवढा खर्च झाला त्यात ३५० क्युबिक इंचांचं तयार स्मॉल ब्लॉक आलं असतं, वर गिअरबॉक्स आणि रेडिएटरही. ताकदही जास्त मिळाली असती. मला मात्र तो आवाज हवा होता. फ्लॅटहेडच्या प्रत्येक बाजूला सिलिंडर चार, पण धूर बाहेर पडायला तोंडं तीनच, कारण मधल्या दोघांना एकच वाट. त्यामुळे आयडलिंगला एक जड, अडखळती घरघर येते, जी दुसऱ्या कुठल्याच व्ही-८ ला नाही. सकाळी गल्लीतून निघताना शेजारी हात करतात. आतापर्यंत तक्रार एकानंही केलेली नाही, याचं मलाच नवल वाटतं.

आता मुख्य तक्रारीकडे. फ्लॅटहेड तापतं, हे तुम्हाला दहा जण सांगतील आणि ते खोटं नाही. याच्या व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, व्हीच्या आतल्या अंगाला असतात. जळालेला वायू तिथून ब्लॉकच्या पोटातून आरपार जाऊन बाहेरच्या बाजूला निघतो, आणि वाटेत भोवतीचं पाणी तापवत जातो, चुलीच्या वैलावर आंघोळीचं पाणी तापावं तसं. म्हणजे इंजिन स्वतःचाच रेडिएटर उकळायच्या तयारीत असतं. यावर लोक मोठ्यातला मोठा रेडिएटर आणतात. माझा अनुभव असा की रेडिएटरचा नंबर शेवटचा लागतो. पहिलं काम म्हणजे पाण्याच्या पोकळ्यांतली ओतकामाची वाळू. सत्तर वर्षांनंतरही ती तिथेच घट्ट बसलेली असते. माझ्या ब्लॉकमधून तारेनं खरवडून, केमिकलच्या टाकीत बुडवून, पुन्हा खरवडून जो गाळ निघाला त्यानं चहाचा डबा भरला असता. मग दोन्ही नवे पाणीपंप (याला दोन असतात), दोन्ही हेडना थर्मोस्टॅट, आणि पंख्याभोवती नीट बसणारं आवरण. आवरणाशिवाय पंखा फक्त आसपासची हवा घुसळत बसतो.

दुसरी गोष्ट फार कमी जण सांगतात, म्हणून जरा थांबून लिहितो. ८बीएच्या मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये (सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग) वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी वजनंच नाहीत. तो पूर्णपणे कार्बोरेटरमधून येणाऱ्या व्हॅक्युमवर चालतो, आणि त्यासाठी फोर्डच्या हॉली कार्बोरेटरमध्ये खास वाट काढलेली असते. स्ट्रॉमबर्ग ९७ हा जुना, १९३६ च्या सुमाराचा कार्बोरेटर. त्यात ती वाट नाही. कार्बोरेटर बदलले आणि डिस्ट्रिब्युटर तोच ठेवला, तर टायमिंग कायम मागे राहतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. पिकअप मरतो, जळण उशिरा होतं, धूर जास्त गरम निघतो आणि तो जातो कुठून, तर त्याच पाण्याशेजारून. मालक बिचारा रेडिएटरला शिव्या घालत बसतो. वजनं असलेला डिस्ट्रिब्युटर बसवणं हा माझ्या मते या इंजिनावरचा सगळ्यात वसूल झालेला खर्च आहे. त्याच्यासमोर शोभेची ॲल्युमिनियम हेड्स काहीच नाहीत. तीही बसवली आहेत म्हणा, दिसतात फार छान.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. एल मिराजच्या शर्यती बघायला निघालो, पाचेको पासवरून खाली उतरून बेकर्सफील्ड, आणि तिथून ५८ नंबरच्या हायवेनं तेहाचापीची चढण. चार हजार फुटांच्या आसपासचा तो घाट दुपारच्या उन्हात ट्रकांच्या रांगेमागं चढायचा, डाव्या लेनमध्ये जाण्याइतकी हिंमत नाही आणि काटा डोळ्यांसमोर. चौथ्या गिअरमध्ये ठेवून चढलो. पाणी २०५ फॅरनहाइटला पोचलं, तिथंच टेकलं, आणि माथ्यावर पाच मिनिटांत १८५ ला उतरलं. उकळलं नाही. उलट त्रास झाला तो उतारावर मोहावेच्या वाऱ्याचा. उघड्या गाडीत तो वारा कानात शिट्या मारतो आणि तळ्यावर पोचेपर्यंत दातांत वाळू.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. मॉडेल एची मूळ टाकी डॅशबोर्डच्या पुढेच, म्हणजे चालकाच्या गुडघ्यांसमोर असते. ती मी मागे नेली, आणि त्यात मागची रंबल सीट (मागच्या झाकणाखालची उघडी सीट) गेली. पोरं अजून त्यावरून रुसलेली आहेत. टाकी मागे गेली की पंप आला, आणि स्ट्रॉमबर्गना अडीच पीएसआयच्या वर दाब चालत नाही. रेग्युलेटर नसेल तर पेट्रोल अडवणारी सुई उचलली जाते आणि इंजिनावर पेट्रोल सांडतं. इथं काटकसर करू नका.

ब्रेकवर मात्र लांब बोलायला हवं. फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक १९३९ पर्यंत दिलेच नाहीत, तोवर सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक. गाडी माझ्याकडे आली तेव्हा पुढे १९४० च्या फोर्डचे हायड्रॉलिक ड्रम होते. दिसायला अगदी परंपरेला धरून, पण त्यात दोन्ही शू खाली वेगवेगळ्या पिनांवर टेकलेले, म्हणजे एकमेकांना मदत करत नाहीत. ॲडजस्टमेंट वरही करायची आणि खालीही, आणि ती करून आठवडा झाला की पॅडल पुन्हा खाली. १९४८ ते ५२ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचे ब्रेक बसवल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडला. त्यात पुढचा शू फिरत्या ड्रमला धरून मागच्या शूला ढकलतो, त्यामुळे पायाचा जोर निम्म्यावर येतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे जुनेच ब्रेक वाटतात. डिस्क बसवा असं म्हणणारे भेटतात, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते बरोबरही आहेत. पण तारांच्या चाकामागून चमकणारी डिस्क मला बघवत नाही. समोरच्या गाडीपासून लांब राहायचं, एवढी किंमत मी मोजतो. इथल्या ८८० फ्रीवेवर हे जमत नाही, तुम्ही जेवढी जागा सोडाल तिच्यात कोणीतरी घुसतोच, म्हणून ८८० टाळतो.

स्टिअरिंगला शेव्हरोले व्हेगाचा बॉक्स आहे. पुढे आडवा एकच पाटा असल्यामुळे शॅकलवर अख्खी गाडी डावी-उजवीकडे सरकू शकते, म्हणून पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) हवाच. ताशी ४५ मैलांच्या आसपास चाकं थरथरायची, इतकी की आरशात मागचं काही दिसायचं नाही. किंगपिनचे (ज्यावर पुढची चाकं वळतात त्या पिना) बुश रीम करून घट्ट बसवले, कॅस्टर (किंगपिनचा मागे कल) ६ अंशांवर आणला, टो-इन (चाकांचा पुढून आत कल) इंचाचा आठवा भाग ठेवला आणि थरथर गेली. दर हजार मैलांना ग्रीस गन घेऊन खाली झोपावं लागतं. ते मला आवडतं, बायकोला गॅरेजच्या फरशीवरचे डाग आवडत नाहीत.

गिअरबॉक्सबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि हीच त्याची स्तुती. पाचव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैलांना इंजिन २००० च्या आसपास फिरतं. वायरिंगचा तयार संच एका दुकानातून घेतला होता. त्यातला फ्यूज बॉक्स दोन महिन्यांत वितळू लागला आणि दुकानानं हात वर केले. आता सगळ्या तारा स्वतः ओढल्या आहेत. रंगकाम मॅट काळं, त्याबद्दल कोणाला विचारायचंही नसतं.

कोल्हापूरचा चुलतभाऊ विचारतो की अशी एखादी तिकडे बांधता येईल का. बांधता येईल, रस्त्यावर आणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही सांगतात की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. कॅलिफोर्नियात माझी गाडी कागदोपत्री १९३१ चीच आहे, आणि १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही. कारागिरीत उद्यमनगर कुठंही कमी नाही, हे मी इथल्या मशीन शॉपमध्ये उभं राहून लिहितोय.

घ्यायची कोणी? ज्याला आठवड्याचा एक संध्याकाळचा वेळ पाना हातात घेऊन घालवायला आवडतो त्यानं. शनिवारी फक्त चावी फिरवून मिरवायचं असेल तर स्मॉल ब्लॉक घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फ्लॅटहेडच घ्यायचं ठरलं तर ब्लॉकची मॅग्नाफ्लक्स चाचणी (चुंबकाच्या मदतीनं तडे शोधायची) पैसे देण्याआधी करून घ्या. व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्या मध्ये आणि हेड बोल्टच्या भोकांपाशी हमखास तडे असतात, आणि रंग दिलेल्या ब्लॉकवर ते डोळ्यांना दिसत नाहीत. माझा तिसरा ब्लॉक पास झाला. पहिल्या दोघांचे विक्रेते अजूनही त्यांना "एकदम शाबूत" म्हणूनच विकतायत.