पीएसपीच्या ब्राउझरवर मराठी पानं: सात महिने वापरल्यावर (आणि बॅटरी फुगल्यावर)

परवा माझ्या पीएसपी-३००० ची (सोनीचा हातात धरून खेळायचा जुना गेम कन्सोल) बॅटरी फुगली, मागचं झाकण आपोआप वर आलं. नवीन आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, ही घ्या १८०० एमएएचची, डबल चालेल. साडेसहाशे मोजले. घरी येऊन बघतो तर झाकणच बसेना, कारण ती जुन्या जाड १००० मॉडेलची, ३००० ला पातळ १२०० वाली लागते. परत करायला गेलो तर म्हणे, "चालू होतंय ना? मग काय प्रॉब्लेम?" डोकं फिरलंय, पण त्या निमित्ताने म्हटलं सात महिन्यांचा अनुभव एकदाचा लिहूनच टाकू.

खेळायला नाही, आईच्या रेसिपीच्या वहीसाठी वापरतोय, म्हणजे वहीची पानं याच्या ब्राउझरवर वाचायला. वहीची पानं सुटायला लागली होती, आणि फोन ओट्यावर ठेवला की नेमका कणकेत हात असताना वाजतो. सगळे म्हणतात टॅबलेट घे. घरात चांगली चालू वस्तू ड्रॉवरमध्ये पडलेली असताना कशाला घ्यायचा?

हा नेटफ्रंट ब्राउझर २००५ मध्ये फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) २.०० बरोबर आला, त्यामुळे आजच्या साइट्स त्यावर उघडायच्या फंदात पडू नका. बहुतेक सगळ्या एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) गेल्यात, याचं सिक्युरिटीचं ज्ञान तेव्हाच थांबलंय. स्वतःची साधी पानं बनवायची असतील तरच यात मजा आहे. मी सुरुवातीला लॅपटॉपवर पायथनचा छोटा सर्व्हर (पानं पुरवणारा प्रोग्रॅम) लावला. वायफाय जोडायला गेलो तर याला डब्ल्यूपीए२ (वायफायची नंतरची सुरक्षा पद्धत) कळतच नाही, म्हणून माळ्यावरून जुना राउटर काढला, नेटची वायर न लावता त्याआधीच्या साध्या डब्ल्यूपीएवर ठेवला. मग लॅपटॉपचा आयपी अ‍ॅड्रेस त्या मोबाइलसारख्या कीपॅडवर टाइप करायचा, एक आकडा चुकला की परत. पहिला महिना यातच गेला आणि तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता.

पण खरी चीड आली ती मराठीची. अक्षरांसाठी यूटीएफ-८ एन्कोडिंग निवडा, काहीही निवडा, देवनागरीचा फाँटच नाही त्यामुळे एकही अक्षर वाचता येत नाही. जपानी दिसतं, मराठी नाही. वेबफाँट (पानासोबत येणारा फाँट) वगैरे त्याच्या गावीही नाही. रोमनमध्ये 'tup' लिहून आईला द्यायचं का? शेवटी सगळा मजकूर चित्र म्हणूनच टाकायचा ठरवलं.

तिथे मेमरीने हिसका दाखवला. मी स्कॅन केलेलं पान १६०० बाय १२०० चं, जेपेग म्हणून दीडशे केबी, म्हटलं हलकं आहे. पण दाखवायला ते उलगडावं लागतं, पिक्सेलला चार बाइट धरले तर साडेसात एमबीच्या वर जातं. आख्ख्या ३००० मध्ये रॅमच ६४ एमबी आणि त्यातलं ब्राउझरला किती मिळणार! मेमरी पुरत नाही म्हणून मेसेज आला की संपलं. तेव्हा फाइल किती केबीची आहे ते बघू नका, लांबी-रुंदी बघा. स्क्रीन ४८० बाय २७२, मी स्क्रोलबारला जागा सोडून ४६० धरतो.

आता ४६० ला आणलं की आईचं अक्षर मरतं. पहिल्यांदा दोन रंगांची जीआयएफ केली, शिरोरेषा तुटक तुटक आली आणि अनुस्वार गायब, 'मंद आच' चं 'मद आच' झालं. अनारशांच्या पानावर तुपाचा डाग आहे, तो काळा ठोकळा होऊन गुळाचं प्रमाणच गिळून बसला. आईला विचारलं किती गूळ, तर म्हणे "मावेल तेवढा". आठ करड्या छटा ठेवल्यावर डाग फिका पडला आणि खाली 'पाऊण' दिसलं! त्या रात्री मी एकटाच हसत बसलो होतो. स्कॅन करताना आधी रेषा थोड्या जाड करून मग लहान करा, उलटं केलंत तर काही हाती लागत नाही. टाइप केलेल्या मजकुराला २० पिक्सेलच्या खाली जाऊ नका, जोडाक्षरांचा गोळा होतो.

बाकी एक पान म्हणजे एक स्क्रीन. साहित्य वेगळं, कृती दोन-तीन पानांत, खाली 'पुढे' चं मोठं चित्र लिंक करून. स्क्रोल ठेवलाच नाही, कारण चौकोनाचं बटण दाबून अ‍ॅनालॉग (ती सरकवायची छोटी घुंडी) ढकलायचा हे पिठाच्या हाताला जमत नाही. आई करंगळीने एक्सचं बटण दाबते, मागे जायला एलचं, बस्स. सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) नादी लागलो नाही, सरळ टेबल वापरलं, व्यवस्थित दिसतं.

आणि चौथ्या महिन्यात कळलं की राउटर, सर्व्हर, कशाचीच गरज नव्हती! पानं मेमरी स्टिकवर (पीएसपीच्या मेमरी कार्डवर) फोल्डरमध्ये टाकायची, अ‍ॅड्रेसमध्ये फाइल-कोलन-स्लॅश आणि पुढे फोल्डरचं नाव, उघडलं. बुकमार्क केलं, वायफायचा स्विच बंद, बॅटरीही जास्त टिकते. त्या एका गोष्टीसाठी मी आधीचे सगळे शिव्याशाप मागे घेतो. देवनागरीचा सोडून. तो कायम आहे.

बेचाळीस रेसिपी झाल्यात. सध्या १८०० वाली बॅटरी घालून झाकणाऐवजी दोन रबरबँड लावलेत. जाड बॅटरीवर बसणारं फुगीर झाकण कोणाकडे पडलं असेल तर सांगा, दोनशेच्या वर देणार नाही, साडेसहाशे आधीच गेलेत.