शंभर तास वाजू द्या, मग खुलतील

गाडीतल्या साऊंडवर मी ७२ हजार रुपये खर्च केले आणि त्यातले निम्म्याहून जास्त पाण्यात गेले. दुकानदाराने मला फसवलं हे खरंच आहे, पण त्याने हत्यार वापरलं ते माझ्याच कानांचं. ते कसं, ते सांगतो.

मी ठाण्यात मानपाड्याला राहतो, ऑफिस बेलापूरला. माजिवडा, कळवा पूल, विटावा, ऐरोली असं करत जायचं, तसंच परत यायचं. दिवसाचे अडीच-तीन तास गाडीत. मला धडधड बेस नको होता. मी ऐकतो काय, तर सकाळच्या बातम्या आणि शास्त्रीय गाणं. म्हणजे माणसाचा आवाज. कंपनीच्या स्पीकरमधून तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा, म्हणून नवे बसवायचं ठरवलं.

नवी मुंबईतल्या एका दुकानाबद्दल ऑफिसात ऐकलं होतं. एसी, काचेचं दार, गेल्या गेल्या चहा. भिंतीवर स्पीकरचा मोठा बोर्ड आणि त्याला बटणं. मालक पोरगेलासा, पण बोलण्यात एकदम तयार. "सर, तुम्हाला व्होकल पाहिजे ना? मग थ्री-वे घ्या. ट्वीटर वेगळा, मिड वेगळा, खाली दारात साडेसहा इंची." थ्री-वे म्हणजे बारीक आवाजाला ट्वीटर, मधल्या आवाजाला मिड आणि जाड आवाजाला दारातला मोठा, असे तीन वेगळे स्पीकर. ही माहिती चूक नव्हती, म्हणूनच मी लगेच विश्वास टाकला. माणसाच्या आवाजातलं कळण्यासारखं जे असतं ते बहुतेक मिडरेंजमध्येच, म्हणजे मधल्या पट्ट्यातच असतं. जुन्या लँडलाइनवर फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झएवढंच पलीकडे जायचं, तरी नुसत्या "हॅलो"वरून आत्या आहे की मावशी ते कळायचं.

मग त्याने बोर्डावरचं बटण दाबलं. "हे साडेपाच हजारवाले." दुसरं दाबलं. "आणि हे बावीस हजारवाले." फरक एवढा होता की मी हसलोच. गाणं त्याचंच, कुठलंतरी ठेक्याचं. माझा पेनड्राइव्ह लावायला सांगितला तर म्हणाला, "नको सर, व्हायरस येतो सिस्टिममध्ये." मीही मान डोलावली. आयटीत वीस वर्षं काढलेला माणूस मी!

त्या बोर्डामागची गोम मला नंतर कळली. महागाच्या जोडीला आवाज जरासा वाढवून ठेवलेला असतो. एक-दोन डेसिबल वाढलं तर कानाला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. तोच स्पीकर थोडा मोठा वाजवला तरी आपण "हा भारी" म्हणतो. दोन स्पीकर ताडायचे तर दोन्हींचा आवाज आधी एका पातळीवर आणायला लावा. फोनमध्ये डेसिबल दाखवणारं अॅप असतं, तेवढ्यापुरतं चालतं. आणि गाणं आपलं न्यायचं, हजारदा ऐकलेलं.

सौदा असा ठरला: चार इंची मिडची परदेशी जोडी, सोबत ट्वीटर, दारातले मोठे स्पीकर, अॅम्प्लिफायर, डीएसपी (प्रत्येक स्पीकरचा आवाज जुळवणारं यंत्र), दारांना डॅम्पिंग (पत्र्याचा कंप अडवणारे थर), शुद्ध तांब्याची वायर आणि ट्यूनिंगचे वेगळे ८ हजार. मिड बसवायला काचेशेजारचा खांब, ज्याला ते ए-पिलर म्हणतात, तो कापून पॉड, म्हणजे स्पीकरचं छोटं घर, करू म्हणाला. तेवढं मात्र मी अडवलं, कारण त्या प्लास्टिकवर 'एअरबॅग' असं कोरलेलं होतं. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग त्याच्या आत घडी करून ठेवलेली असते. तिच्या वाटेत स्पीकर बसवणं म्हणजे अपघातात तो आपल्याच तोंडावर येणं. "सगळे करतात सर," तो म्हणाला. शेवटी डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत जाळीचे पॉड बसले.

बिल मागितलं तर, "पक्कं पाहिजे तर वर टॅक्स लागेल." व्हिजिटिंग कार्डच्या मागे आकडे लिहून मिळाले. निम्मे पैसे यूपीआयने, तेही दुकानाच्या नाही तर कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. उरलेले रोख.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको सोबत होती. बातम्या लागल्या. कापुरबावडी यायच्या आत ती म्हणाली, "अहो, ह्या बाईला सर्दी झालीय का?" मला राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं. आवाज मोठा होता, चकचकीत होता, पण समोरून येत नव्हता. धुरासारखा गाडीभर पसरलेला. आणि मराठी नीट कळत नव्हतं. आपल्या भाषेत च, ज, झ दोन-दोन तऱ्हांनी उच्चारतात. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एकच, कानाला वेगळं. हा फरक साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास असतो, नेमका मिडकडून ट्वीटरकडे आवाज सोपवला जातो तिथेच. माझ्या गाडीत दोन्ही 'जग' एकच झाले होते.

दुकानात गेलो. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला आजही लागतं, कारण ते अर्धं खरं आहे. "सर, नवीन स्पीकर टाइट असतात. शंभर तास वाजू द्या, मग खुलतील."

नव्या स्पीकरचा पडदा धरणारा भाग वापराने थोडा सैल होतो, हे खरं. पण उलटी जोडलेली वायर शंभर तासांत सुलटी होत नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शंभर तास भरायला वेळ लागत नाही. पाच-सहा आठवडे मी अगदी इमानेइतबारे वाजवले. रोज वाटायचं, आज जरा खुललेत. परत गेलो तर म्हणाला, बदलून द्यायची मुदत सात दिवसांची होती, कार्डावर लिहिलंय. होतं खरं, बारीक अक्षरात.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. ठाण्यातल्या नाट्यगृहांत त्यांनी वर्षानुवर्षं साऊंड सांभाळलाय. पार्किंगमध्ये ते गाडीत बसले, फोनवर स्वतःचंच बोलणं रेकॉर्ड करून लावलं आणि डोळे मिटले. "अरे, मी कुठे बसलोय तेच कळत नाहीये," म्हणाले. मग घड्याळात घालायचा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल मागितला. अॅम्प्लिफायरकडून मिडच्या वायरी सोडवल्या आणि सेलचा प्लस वायरच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवला. उजव्या मिडचा पडदा बाहेर आला. डाव्याचा आत गेला. डावीकडच्या वायरी उलट्या होत्या. एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, मग मधला आवाज एकमेकांना खाणारच. ही तपासणी तशी कुणीही करू शकतो. फक्त मध्ये पॅसिव्ह क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज स्पीकरांत वाटून देणारी डबी) असेल तर त्यातला कपॅसिटर सेलचा करंट अडवतो, तेव्हा वायरी थेट स्पीकरच्या टोकाशी तपासायच्या.

वायरी सुलट्या केल्यावर आवाज एकवटला, पण सगळा उजवीकडे, माझ्या पुढ्यात. काकांनी शिंप्याची टेप घेतली. माझ्या कानापासून उजवा मिड ८० सेंटिमीटर, डावा १३०. आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे डाव्याला जवळपास दीड मिलिसेकंद उशीर. म्हणून जवळच्याला तेवढंच थांबवायचं. डीएसपीचं एक मुख्य काम हेच. लॅपटॉप जोडला तर सगळीकडचा डिले शून्य! ८ हजारांचं ट्यूनिंग म्हणजे तयार प्रीसेट, बेस वर आणि ट्रेबल वर. चार इंची मिडला पार ८० हर्ट्झपर्यंतच्या जाड आवाजाचं ओझं दिलेलं. एवढासा पडदा तिथे हेलपाटतो आणि वरचा आवाजही गढूळ करतो. काकांनी त्याला ३५० हर्ट्झच्या खालचं बंद केलं, वर ३,००० ला ट्वीटरकडे सोपवलं, दोन्हीकडे २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा उतार ठेवला, म्हणजे हद्दीपलीकडचा आवाज झपाट्याने कमी होतो. डिले भरला आणि पुन्हा तेच रेकॉर्डिंग लावलं. काका डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसले.

पण आवाजात खरखर राहिलीच. पॉड उघडला. मॅग्नेटवर परदेशी कंपनीचा स्टिकर, एक कोपरा उचकटलेला. खाली दुसरा स्टिकर, कधी न ऐकलेलं नाव, ३० वॅट मॅक्स. मला विकले होते "शंभर वॅट" म्हणून. वॅट विचारताना आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, किती ते विचारा, मॅक्सला काही अर्थ नसतो. वायर ब्लेडने खरवडली तर आत चांदीसारखी पांढरी, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दारातल्या स्पीकरखालच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) रिंगा पावसाने पुरणपोळीसारख्या फुगल्या होत्या. खोकं मी पाहिलंच नव्हतं. "ते आम्ही ठेवतो सर, वॉरंटीसाठी लागतं," असं तो म्हणाला होता. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. माल आपल्यासमोर फोडून घ्या आणि खोकं घरी आणा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न, बिल आहे का? महाराष्ट्रातल्या जीएसटी नंबरची सुरुवात २७ ने होते आणि तो पोर्टलवर तपासता येतो, ही अक्कल मला तेव्हा आली. वाचवलं ते व्हॉट्सअॅपने. मिडचं नाव, मॉडेल आणि किंमत त्याने तिथे टाइप केली होती. उचकटलेल्या स्टिकरचा फोटो आणि तो मेसेज शेजारी ठेवून पाठवला. जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, ५ लाखांपर्यंत तिथे फीसुद्धा लागत नाही, असंही लिहिलं. चार दिवस गप्प. पाचव्या दिवशी फोन आला. "सर, स्टाफकडून मिस्टेक झाली." मिडचे २२ हजार परत केले. ट्यूनिंगचे दिले नाहीत, वायरचे नाहीत, डॅम्पिंगचे तर बोलूच नका, कारण ते मागच्या दारांत लावलंच नव्हतं.

काकांनी साडेसहा हजारांची साधी जोडी आणवून बसवली. आता सकाळची बाई बरी झालीय, दोन्ही 'जग' वेगळे ऐकू येतात. गाडीतून काढलेले कंपनीचे चार स्पीकर मात्र अजून त्या दुकानातच आहेत. "भंगार आहे सर, तुम्ही काय करणार," म्हणून त्याने ठेवून घेतले होते. मागायला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा मालक जेवायला गेला होता.