इंदूरच्या भंवरकुआँचा इंग्रजी क्लास: मॅडम उत्तम, पुस्तिका रद्दीत

पावसाळ्यात लेकीच्या ऑफिसातला जर्मन पाहुणा घरी आला. मी हौसेनं भुट्ट्याचा कीस केला. मिरची जरा जास्त पडली होती. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मायेनं म्हटलं, "यू मस्ट नॉट ईट!" त्यानं चमचा ठेवला तो ठेवलाच. मला म्हणायचं होतं, नाही संपवलं तरी चालेल. मी खायला बंदीच घातली! लेक म्हणाली, "आई, 'डोन्ट हॅव टू' गं." पाहुणा मात्र हसला. जर्मनमध्ये 'मुस्ट निष्ट' म्हणजे नेमकं 'गरज नाही', त्यामुळे इंग्रजी शिकताना तेही इथंच अडखळतात म्हणे.

हा प्रताप क्लासच्या पुस्तिकेचा. तिच्यात तक्ताच आहे: मस्ट म्हणजे 'चाहिए', मस्ट नॉट म्हणजे 'नहीं चाहिए'. एका शब्दाला एक अर्थ, पाठ करा आणि सुटा.

मॅडमचं शिकवणं वेगळं. किसाची गोष्ट सांगितली तर पोट धरून हसल्या आणि तो अख्खा तास त्यावरच घेतला. शेजारच्या रिकाम्या वर्गात आम्हाला नेलं. पंखा चालू, बाकावर डबा. "बताइए, क्या समझे?" मी म्हटलं, कोणीतरी असणार इथं. "समबडी मस्ट बी हिअर," त्या म्हणाल्या. आता या 'मस्ट'मध्ये 'पाहिजे' कुठं आहे? तो तर आपला 'असणारच'! तेव्हापासून मी वहीत मराठीच लिहिते. क्लासमध्ये 'कॅन' म्हटलं की सगळीकडे 'सकना'. आपल्याकडे मला पोहता येतं, इथं बसलं तर चालेल का, मे महिन्यातही पाऊस पडू शकतो, अशी तीन वेगळी वाक्यं होतात. इंग्रजीत तिन्हीला 'कॅन' चालतं.

बाकी, दोन महिन्यांचे साडेतीन हजार, आठवड्याला तीन सकाळी. जिना अरुंद, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा. बॅचमध्ये सगळी बँकेच्या परीक्षेची पोरं, साठीची मी एकटी. पण 'आंटी' म्हणून पंख्याखालची खुर्ची राखून ठेवतात.

पुस्तिकेचे अडीचशे वेगळे. मी काउंटरवर म्हटलं, मला नको. मुलगा पावती फाडत म्हणाला, "आंटी, यू हॅव टू." हे मात्र त्यानं अगदी बरोबर वापरलं.