सेल्युलर जेल आणि येरवडा: दोन तुरुंग, दोन शिक्षा

येरवडा १८७१ चं, अंदमानचं सेल्युलर जेल १९०६ मध्ये पूर्ण झालेलं. इमारती दोन्ही भक्कम, पण सेल्युलरची रचनाच छळासाठी होती. मधल्या बुरुजापासून निघालेल्या सात इमारती, सगळ्या कोठड्या एकेकट्या, आणि दारासमोर पुढच्या इमारतीची पाठ. माणसाला माणूस दिसूच नये! बाबाराव आणि विनायकराव सावरकर, सख्खे भाऊ, एकाच तुरुंगात असून भेटीला पारखे झाले. दिवसाला तीस पौंड तेल काढायचं, बैलासारखं कोलूला जुंपून.

येरवड्याला सौम्य म्हणणार नाही. चापेकर बंधूंना फाशी तिथेच झाली. पण बाहेर पुणं होतं. १९३२ मध्ये गांधीजींनी तिथे उपोषण केलं तेव्हा देश हलला, काही दिवसांत पुणे करार झाला. पुढच्याच वर्षी अंदमानात कैद्यांनी अन्न सोडलं. त्यांना बळजबरीने दूध पाजलं गेलं. महावीर सिंग, मोहन किशोर नामदास, मोहित मोइत्रा गेले. समुद्रापलीकडचा तो आवाज मुख्य भूमीवर पोहोचायला फार वेळ लागला. माझ्या मते खरा फरक हाच.

येरवड्यात आजही कैदी आहेत. सेल्युलर राष्ट्रीय स्मारक झालं, पण सातपैकी तीनच इमारती उरल्या आहेत.