तबाक्को नकाशा क्रमांक ०५ : इटालियन आल्प्समधल्या निवांत सहलीसाठी काही महिने वापरल्यानंतर

वाल गार्देना ही दरी आणि आल्पे दी सिऊझी हे कुरणांचे पठार दाखवणारा, तबाक्को या इटालियन नकाशा-प्रकाशकाचा ०५ क्रमांकाचा नकाशा मी हिवाळ्यात मागवला आणि सप्टेंबरमध्ये डोलोमाइट्स या इटालियन आल्प्समधल्या डोंगररांगेतून परत येईपर्यंत तो सतत वापरात होता. सहल आईला घेऊन करायची होती आणि तिच्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो. त्यामुळे रोज नवे गाव गाठण्याची घाई न करता वाल गार्देनातल्या ओर्तिझेई या गावी एकच मुक्काम ठेवून तिथून हिंडावे, असा विचार होता. तो कितपत जमेल, हे नकाशा जमिनीवर पसरल्यावरच नीट कळले.

नकाशाचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर हे प्रत्यक्षातले १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दर २५ मीटर उंचीला काढलेल्या आहेत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटची (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशाची) सवय असते, त्यांना हा नकाशा वाचायला अजिबात वेळ लागणार नाही. पायवाटा लाल रंगात असून त्यांच्यावर क्रमांक आहेत, आणि तेच क्रमांक प्रत्यक्ष वाटेवरच्या लाल-पांढऱ्या खुणांवर व पाट्यांवर दिसतात.

आखणीत खरा उपयोग झाला तो समोच्च रेषांचा. ओर्तिझेईच्या वरच्या सेचेदा डोंगराची धार सुमारे २,५०० मीटरवर आहे. तिच्या दक्षिणेला या रेषा ऐसपैस अंतरावर आहेत, कारण तिथे कुरणे आहेत. उत्तरेला मात्र त्या एकमेकींना चिकटून शेवटी कड्याच्या रेखाटनात मिसळून जातात. छायाचित्रांत दोन्ही बाजू सारख्याच मोहक दिसतात, पण आईला कोणत्या बाजूला चालवता येईल याचे उत्तर नकाशा क्षणात देतो. आल्पे दी सिऊझीसाठीही असेच झाले. ओर्तिझेईहून गोंडोलाने (रोपवेच्या बंद पाळण्याने) सुमारे २,००० मीटरवर चढायचे आणि तिथून साल्त्रिया या वस्तीपर्यंत पायी उतरत यायचे, असा बेत होता. वाटेत मोजून डझनभर रेषा ओलांडाव्या लागतात, म्हणजे साधारण ३०० मीटर उतार. तो एकदम उतरण्याऐवजी मधल्या कुरणांवरची, पदार्थ मिळणारी गुराख्यांची घरे नकाशावर शोधून तिथे विसावा ठरवला. पालकाचे कानेदेर्ली (शिळ्या पावाचे उकडलेले गोळे) शाकाहारी माणसाला तिथे चांगला आधार देतात. काही प्रकारांत डुकराचे मांस असते, म्हणून मागवण्याआधी विचारावे.

वेळेचा अंदाज बांधताना सपाटीवर ताशी ४ किलोमीटर आणि चढाला ताशी ३०० मीटर हा तिथला प्रचलित हिशेब मी मुद्दाम बाजूला ठेवला आणि दुप्पट वेळ धरला. निवांत सहलीत हेच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

या भागात इटालियन, जर्मन आणि लादिन ही स्थानिक भाषा अशा तीन भाषा चालतात. ओर्तिझेईचे जर्मन नाव झांक्ट उलरिख आणि लादिन नाव उर्तिजेई. हॉटेलच्या पत्रावर एक आणि बसवर दुसरे नाव दिसले, तरी गाव तेच आहे हे मनाशी पक्के असले की धावपळ होत नाही.

कागदी नकाशा काही गोष्टी सांगू शकत नाही, आणि त्या वेगळ्या तपासाव्याच लागतात. रोपवेची रेषा छापलेली असली तरी तो कोणत्या तारखांना चालतो ते तिथे नसते. उन्हाळी हंगाम संपल्यावर बरेच रोपवे बंद होतात आणि नोव्हेंबरात अनेक हॉटेलेही बंद असतात. तसेच आल्पे दी सिऊझीवर जाणारा रस्ता दिवसा खासगी गाड्यांना बंद ठेवला जातो, त्यामुळे गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी वेळ आधी पाहावी. आमचा सगळा प्रवास बोल्झानो शहरातून बसने आणि पुढे रोपवेने झाला. गाडीची उणीव कुठेच भासली नाही. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीतली बहुतेक मंडळी सुट्टीवर असतात, त्या दिवसांत मात्र ज्येष्ठांना घेऊन जाऊ नये.

शेजारच्या वाल दी फूनेस या दरीसाठी मी ०३० क्रमांकाचा नकाशा घेतला. ओडले शिखरांच्या उत्तर भिंतीखालून जाणारी ३५ क्रमांकाची आडोल्फ मुंकेल वाट पूर्ण चालणे आम्हाला शक्य नव्हते, पण सांता माद्दालेना गावाभोवतीच्या सौम्य वाटा त्यावर स्पष्ट दिसतात आणि तिथूनही ती शिखरे समोर राहतात. एकाच दरीत आठवडा घालवणाऱ्यांनी एक नकाशा घ्यावा. दोन दऱ्या करायच्या असतील तर दोन्ही आधीच मागवून शेजारी शेजारी पसरून पाहावेत.