स्मोकरचा कंट्रोलर वायफायला जोडायला गेलो आणि 1,799.91 डॉलरला बुडालो

रक्कम आधीच सांगून टाकतो, कारण ओळखीच्या लोकांना सांगताना मी ती दरवेळी कमी करून सांगत आलोय. 1,799.91 डॉलर. रुपयांत दीड लाखाच्या आसपास, कंपनीचा सपोर्ट म्हणवणाऱ्या एका ठगाने नेलेले. शिवाय क्रेडिट कार्डावरून 199.99 डॉलर गेले होते, ते परत मिळाले. कंट्रोलर 249 डॉलरचा, अस्सल आहे, उत्तम चालतो. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि हीच तर चीड आहे.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. टेक्सासात परसात स्मोकर, म्हणजे मंद धुरावर मांस शिजवायची भट्टी, नसलेलं घर शोधावं लागतं. माझा सिरॅमिकचा, लाकडी कोळशावर चालणारा. मांस 225 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 107 सेल्सिअसला, रात्रभर ठेवायचं. आच कमी-जास्त झाली की उठून झरोका सरकवा, परत झोपा, परत उठा. हा त्रास वाचवायला कंट्रोलर घेतला. खालच्या झरोक्याला एक छोटा पंखा, जाळीला चिमट्याने लावलेला तापमान मोजणारा एक प्रोब, मांसात खुपसलेला दुसरा. तापमान उतरलं की पंखा हवा मारतो, चढलं की थांबतो. आतलं गणित पीआयडीचं (तापमान किती चुकतंय ते बघत हवा कमी-जास्त करायची पद्धत), रिफायनरीतल्या भट्टीला असतं तेच. वायफायचं काम फक्त आकडे फोनवर दाखवणं आणि काही बिघडलं तर अलार्म वाजवणं. वायफाय नसलं तरी पंखा आपलं काम चोख करतो.

रविवारी दुपारी मंडळाची माणसं जेवायला यायची होती. शनिवारी रात्री नऊ पाउंडांचा डुकराचा खांदा चढवला आणि कंट्रोलर वायफायला जोडायला बसलो. याची पद्धत बहुतेकांना माहीत असेल: कंट्रोलरची डबी स्वतःचं एक छोटं वायफाय सोडते, फोनने त्याला जोडायचं, त्यात घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा, मग ती घरच्या नेटवर्कवर येते. माझी येईना. पासवर्ड बरोबर, राउटर शेजारच्याच खोलीत, तरी डबीवरचा दिवा लुकलुकतच राहिला. सोबतच्या कागदावर फक्त ईमेल होता, आणि तोही सोमवार ते शुक्रवार.

मग मी जे केलं ते तुम्हीही केलं असतंत. कंपनीचं नाव आणि पुढे ‘सपोर्ट’ असं शोधलं. सगळ्यात वर कंपनीच्या नावाने मथळा आणि ठळक फोन नंबर. मथळ्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ होतं. ते मी वाचलं का? रात्रीचे अकरा वाजलेले, एका डोळ्याने बाहेरचा धूर बघतोय, कोण वाचतं? (आता वाचतो. वरच्या चार ओळी तर बघतच नाही. नंबर हवा असेल तर खोक्यावरचा, माहितीपुस्तकातला किंवा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथला.)

पहिल्याच रिंगला उचलला. शनिवारी रात्री अकराला अमेरिकेत कुठली कंपनी पहिल्या रिंगला फोन उचलते? आमच्याकडे रात्रीचे अकरा म्हणजे भारतात रविवार सकाळचे साडेनऊ, ऑफिस उघडायची वेळ. हा हिशोब मी घरी फोन करताना रोज करतो. त्या दिवशी नाही केला.

‘कुठलं डिव्हाइस, सर?’ हा त्याचा पहिला प्रश्न. म्हणजे त्याला माहीतच नव्हतं मी कुठल्या कंपनीला फोन केलाय. प्रिंटर म्हणालो असतो तर प्रिंटरवाला झाला असता. मी नाव सांगितलं, त्याने ते चुकीचं उच्चारलं, मी दुरुस्त केलं. आडनाव सांगितल्यावर इंग्रजीतून हिंदीवर आला. ‘सर, महाराष्ट्र से? मेरी मौसी पुणे में है.’ पुढची पाच मिनिटं आम्ही पुण्याच्या ट्रॅफिकवर बोललो. आपला माणूस निघाला म्हणून मला हायसं वाटलं, हे लिहिताना हात थरथरतो. 2016 साली मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी धाड घातली होती, अमेरिकेतल्या लोकांना टॅक्स खात्याच्या नावाने धमकावून लुटत होते ते. इथे ऑफिसात ती बातमी निघाली तेव्हा मीच शहाणपणाने म्हणालो होतो, असल्या फोनला बळी कोण पडतं?

आता तो क्षण. तो म्हणाला, ‘सर, आपके नेटवर्क पे सिग्नल ब्लॉक हो रहा है. लॅपटॉप खोलिये.’

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. रिफायनरीत लूप चेक करणं हे माझं पोटापाण्याचं काम. फील्डमधल्या ट्रान्समीटरपासून कंट्रोल रूमच्या पडद्यापर्यंत सिग्नल कुठून कुठे जातो ते एकेक जोड तपासत जायचं, आणि जी वस्तू लूपमध्ये नाही तिला हात लावायचा नाही. इथला लूप काय होता? प्रोब, डबी, राउटर, कंपनीचा सर्व्हर, माझा फोन. बस. यात लॅपटॉप कुठे आहे? कुठेच नाही. दिवाणखान्यातल्या लॅपटॉपचा परसातल्या पंख्याशी काडीचा संबंध नाही. एखाद्या ज्युनिअरने साइटवर असं काही केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. आणि मी उठलो, लॅपटॉप आणला, चार्जरसुद्धा लावला.

हे वाचून कुणी हसत असेल तर हसा. पण त्या तासाला माझ्या डोक्यात नऊ पाउंड मांस, उद्याची बावीस माणसं आणि फोनवर अलार्म नसेल तर रात्रभर डासांत बसावं लागणार, एवढंच होतं. अडलेल्या माणसाला हे लोक बरोबर ओळखतात. शिवाय त्याने एकदाही घाई केली नाही, धमकावलं नाही. आपल्याला वाटतं ठग आरडाओरडा करतो. हा तर माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी करत होता.

दुरून लॅपटॉप चालवायचं सॉफ्टवेअर त्याने माझ्याकडूनच उतरवून घेतलं. पुढचं तुम्हाला पाठ असेल. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बारीकसारीक नोंदींची यादी, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या. त्या प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरवर असतात. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट (चालू जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड) चालवून ‘फॉरेन ॲड्रेस’च्या रकान्यावर बाण फिरवला आणि म्हणाला, ‘देखिये सर, फॉरेन से कनेक्शन.’ साधी वेबसाइट उघडली तरी तिथे पत्ता येतो. मला हे माहीत आहे! मी तोंडाने ‘हो, हो’ म्हणत होतो. बाण पडद्यावर आपोआप फिरत होता, आणि खिडकीबाहेर पंखा भुरभुर करत चालला होता. डबीवर 226, मग 224, मग 225. त्या घरात त्या रात्री जागेवर असलेली वस्तू तेवढी एकच.

199.99 डॉलर कार्डावरून दिले, ‘नेटवर्क सिक्युरिटी’चे. कंट्रोलर तरीही जोडला गेला नाही. तो म्हणाला, सर, मॉडेल जुळत नाही, पैसे परत करतो, बँकेत लॉगिन करा. एका फॉर्ममध्ये रक्कम मलाच टाइप करायला लावली. मी 199.99 टाइप केलं, आणि पडद्यावर उमटलं 1999.90. मग फोनवर रडारड. सर, शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, घरी लहान मुलगी आहे. मी चेकिंग, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं, खातं बघितलं, त्यात खरोखरच 1,999.90 जमा! ते माझ्याच सेव्हिंग्ज खात्यातून उचलून माझ्याच चेकिंगमध्ये ठेवलेले होते. मध्ये थोडा वेळ पडदा काळा झाला होता ना, ‘प्रोसेसिंग’ म्हणून, तेव्हा. माझ्या खिशातले काढून माझ्याच हातावर ठेवले आणि मी त्याला गरीब बिचारा समजलो.

जादाचे 1,799.91 मी बँकेच्या ॲपमधून परत पाठवले. नवीन माणसाला एका वेळी इतकेच जातील अशी मर्यादा होती म्हणून दोन भागांत, आधी 1,000 आणि मग 799.91. नाव एका अमेरिकन बाईचं. ‘आमच्या अकाउंट्सच्या मॅडम’. बँकेचा इशाराही आला होता, या व्यक्तीला ओळखता का? ओळखतो, असं दाबलं. दोन्ही वेळा.

(स्वतःच्या दोन खात्यांमध्ये पैसे हलले तरी मेसेज येईल अशी सोय आजच चालू करून घ्या. ती मुळात बंद असू शकते. आणि पडदा दुसऱ्याच्या ताब्यात असताना बँकेचं पान उघडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी.)

सकाळी सेव्हिंग्ज बघितलं. पोटात गोळा आला. पाहुणे गेल्याशिवाय बायकोला सांगितलं नाही. खांदा 200 फॅरनहाइटला काढला, बोटाने सुटत होता, सगळ्यांनी वाहवा केली, एकाने तर कंट्रोलर कुठला घेतलास ते विचारून फोटो काढून घेतला. संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, ‘अरे, पंखा चालू होता ना? मग फोन कशाला केलास?’

आता बँक. फोनवर तासभर संगीत, मग एक मुलगी, मग तिचा साहेब, मग फ्रॉड विभाग, मग परत ती मुलगी. 1978 सालचा फेडरल कायदा आहे, आणि त्याखाली रेग्युलेशन ई म्हणून नियम आहे. तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे गेले आणि तुम्हाला कळल्यापासून दोन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमच्या माथी जास्तीत जास्त 50 डॉलर. मी रविवारीच कळवलं होतं. उत्तर काय? ‘पाठवा’चं बटण तुम्ही स्वतः दाबलंत, म्हणजे परवानगी होती. अहो, पण सेव्हिंग्जमधून चेकिंगमध्ये कुणी आणले? ते चोराने आणले ना? त्यावर म्हणे, दोन्ही खाती तुमचीच, त्यात तुमचं नुकसान काय झालं? आणि हे इतक्या गोड आवाजात, की शेवटी ‘आज आणखी काही मदत करू का?’ असंही विचारलं. आज आणखी! कार्डाच्या कंपनीने मात्र 199.99 चा वाद महिन्याभरात निकाली काढला. तेच पैसे, तोच चोर, तीच रात्र, पण क्रेडिट कार्डाला वेगळा कायदा. हे आधी ठाऊक असतं तर ॲपमधून एक सेंटही पाठवला नसता. अनोळखी माणसाला द्यायचेच असतील तर क्रेडिट कार्डावर द्या. कार्ड चालत नाही म्हणाला की फोन खाली.

पोलीस. अधिकारी भला माणूस, पण त्याला माझ्या पैशांपेक्षा स्मोकरमध्ये रस. कोळसा कुठला, 160 ला मांसाचं तापमान अडकून बसतं तेव्हा कागदात गुंडाळतोस का? त्याला सगळं सांगितलं. शेवटी एका चिठ्ठीवर केस नंबर दिला आणि म्हणाला, हे लोक परदेशात असतात, आमच्या हातात काही नाही. ज्या बाईच्या नावाने पैसे गेले तिचं खातं तर याच देशात आहे ना? तिच्यापर्यंत कोण जाणार? तर म्हणे केंद्राच्या पोर्टलवर टाका. तिथे टाकलं. लांबलचक फॉर्म, त्यात ‘आरोपीचा पत्ता’ असाही रकाना. काय लिहू, मावशी पुण्यात? शेवटी आपोआप येणारा ईमेल आला, तक्रार नोंदवली, प्रत्येक तक्रारीला उत्तर देणं शक्य होत नाही. जाहिरात दाखवणाऱ्यांकडे तक्रार केली, ती काढली गेली, आणि आठवडा व्हायच्या आत तोच मथळा दुसऱ्या नंबरसह वर. त्या जाहिरातीचे पैसे त्यांना मिळतात, माझ्या तक्रारीचे मिळत नाहीत. इकडून तिकडे टोलवाटोलवी, आणि दर ठिकाणी पहिल्यापासून सगळी लाजिरवाणी कथा सांगायची. भारतात निदान 1930 हा एक नंबर तरी आहे, लगेच फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवायचा प्रयत्न होतो. आईबाबांच्या फोनमध्ये तो मी भरून ठेवलाय.

सोमवारी कंट्रोलरच्या खऱ्या कंपनीचा ईमेल आला. दीड ओळ. डबीला फक्त 2.4 गिगाहर्ट्झ चालतं, राउटरवर त्या पट्ट्याचं वेगळं गेस्ट नेटवर्क काढा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए2 वर ठेवा. माझं मेश राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देत होतं. वेगळं नेटवर्क काढलं, डबी लगेच जोडली गेली. एवढंच होतं. हे दुखणं घरातल्या स्वस्त बल्बपासून कॅमेऱ्यापर्यंत निम्म्या वस्तूंना असतं, तेव्हा कुठे फोन करायच्या आधी हे करून बघा.

लॅपटॉप नेटवरून तोडून विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकलं. पासवर्ड बदलताना ते फोनवरून बदलले, त्या लॅपटॉपवरून नाही. हेही कुणी सांगत नाही.

आणि एवढ्यावर संपत नाही. मध्यंतरी एका ‘रिकव्हरी एजन्सी’चा फोन आला. तुमचे 1,799.91 आम्ही सोडवून आणतो, फक्त 250 डॉलर आगाऊ. पै-पैसह रक्कम बरोबर, आणि ती चोराशिवाय आणखी कुणाला माहीत असणार? या वेळी मी बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बँकेच्या नकाराविरुद्ध मी आता ग्राहक आर्थिक संरक्षण ब्यूरोकडे, म्हणजे सीएफपीबीकडे, तक्रार घातली आहे. तिथून तक्रार गेली की बँकेला साधारण 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, लांबलं तर 60. तक्रारीत सेव्हिंग्जमधून झालेली हालचाल वेगळी मांडा, वेळेसकट, कारण ती तुम्ही केलेली नसते. मी तीच मांडली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.