ओबीएस स्टुडिओ: गावाकडच्या नेटवर लाईव्ह कीर्तनासाठी एकदम कामाचं

दत्तजयंतीचा सप्ताह आमच्याकडं गंगाखेड तालुक्यात जोरात असतो, पण त्याच टायमाला गावातली कितीतरी माणसं ऊसतोडीला फडावर असतात, त्यांना कीर्तन मोबाईलवर नीट दिसावं यासाठी ही सगळी धडपड. आधी मोबाईलवरूनच डायरेक्ट लाईव्ह करायचो, तर रात्री ९ ला महाराज उभे राहिले की मंडपात सगळ्यांचे मोबाईल चालू, टॉवरवर लोड, अन् ऐन चालीत व्हिडिओ अटकायचा.

ओबीएस म्हणजे लॅपटॉपवरून लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, व्हिडिओवर वॉटरमार्क येत नाही. पण लई कामाची गोष्ट ॲडव्हान्स्ड सेटिंगमधी नेटवर्कच्या खाली आहे, डायनॅमिक बिटरेट (बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते). २०१९ ला २४ व्हर्जनमधी आलं हे, टिक आपणच करावी लागते. यूट्यूबला आपण आरटीएमपी नावाच्या पद्धतीनं व्हिडिओ पाठवतो, ते टीसीपी या नेटच्या नियमावर चालतं, म्हणजे डेटाचा हरवलेला तुकडा (पॅकेट) परत पाठवायचा अन् तोवर मागचं सगळं तुंबायचं, तुंबलं की ओबीएस फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, टाकून देतं. टिक केली की फ्रेम टाकण्याआधी बिटरेट खाली आणतं, चित्र थोडं पुसट होतं पण चालू राहतं अन् रेंज सुधारली की परत वर जातं. कीर्तनात हेच पाहिजे, मृदंगाचा आवाज तुटला तर चित्र कितीबी झकास असून काय उपयोग?

१०८०पी चा हट्ट सोडा. ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम, २००० केबीपीएसच्या आसपास बिटरेट, कीफ्रेम (मधीमधी जाणारं पूर्ण चित्र) दर २ सेकंदाला. फडावर रेंज कमी असली तरी यूट्यूब त्यांच्यासाठी १४४पी पर्यंत लहान करून देतं, आपला अपलोड तेवढा टिकला पाहिजे. यूट्यूबवर लेटन्सी (दिसायला लागणारा उशीर) नॉर्मल ठेवा, उशीर होतो पण बघणाऱ्याकडं बफर, म्हणजे पुढचा व्हिडिओ, जास्त साठतो. अन् हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाईलचं नेट केबलनं लॅपटॉपला द्या, मंडपातल्या वायफायच्या गर्दीचा तरी त्रास वाचतो.

ओबीएसमधली स्टॅट्सची विंडो उघडी ठेवत जा, फ्रेम नेटमुळं पडायलेत का लॅपटॉप दमलाय हे वेगवेगळं दाखवतं. जुना लॅपटॉप असला तर ओबीएस जड जाईल. दोन सिमचं नेट एकत्र जोडायचं काम हे करत नाही, त्याला वेगळी सोय लागते, अन् जिथं रेंजच नाही तिथं कोणतंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, तिथं कीर्तन रेकॉर्ड करून सकाळी टाकलेलं बरं.